जर्मन आजीची ट्रंक आणि जळगावची स्मरणग्रंथ सेवा : काय सोपवावं, काय स्वतःकडे ठेवावं

जळगावातल्या एका जुन्या फोटो स्टुडिओनं घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणींचा ग्रंथ करून द्यायला सुरुवात केली आहे. फोटो, पत्रं, वह्या, कॅसेट असं जे असेल ते द्यायचं. ते स्कॅन करतात, टाइप करतात, पानं जुळवतात आणि बांधलेलं पुस्तक हातात देतात. खानदेशातली बहुतेक कामं मराठी-मोडीतली असतात. इथे ज्या कामावरून परीक्षण लिहिलं आहे ते वेगळं होतं : १९५८ साली जर्मनीहून अमळनेरला सून म्हणून आलेल्या एका आजीची ट्रंक. १४० फोटो, ६२ पत्रं, पासपोर्ट, दोन-तीन सरकारी कार्डं, चार कॅसेट आणि एक पाककृतींची वही.

निष्कर्ष आधीच सांगतो. स्कॅनिंग आणि बांधणी यांना पूर्ण गुण. जर्मन पत्रांचं वाचन या सेवेकडे अजिबात देऊ नका. मजकुराचं संपादन घरच्यांनीच करावं, कारण परमुलखातून आलेल्या बाईचं आयुष्य अशा खुणांमध्ये दडलेलं असतं ज्या टाइप करणाऱ्याला चुका वाटतात.

स्कॅनिंगपासून सुरू करू. स्टुडिओकडे चांगला फ्लॅटबेड स्कॅनर आहे आणि चालवणारा मुलगा घाई करत नाही. आजीचे सुरुवातीचे फोटो जेमतेम ६ × ९ सेंटिमीटरचे, कातरलेल्या कडांचे. असा फोटो ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके धरून, स्कॅन केला की सुमारे १,४१७ × २,१२६ पिक्सेल मिळतात, म्हणजे छापताना दुप्पट आकारापर्यंत तो स्वच्छ राहतो. पूर्ण पानभर फोटो हवा असेल तर १,२०० सांगा. न सांगता दिलं तर ते ३०० ला करतात आणि जेपेग देतात. मूळ प्रत टिफमध्ये मागा, त्यात जेपेगसारखा तपशील गळत नाही; एका लहान फोटोची फाईल साधारण ९ एमबीची होते, १४० फोटो एका साध्या पेनड्राइव्हवर मावतात. फोटोला १५ रुपये, पत्राच्या पानाला १० रुपये असा दर आहे. फोटोच्या मागच्या बाजूचे वेगळे पैसे लागतात. ते द्याच.

मागची बाजू हीच फोटोची जन्मपत्रिका. 'अग्फा-लुपेक्स' असा फिकट शिक्का असेल तर तो निगेटिव्हच्याच मापात छापायचा जुना कागद; युद्धाआधीच्या आणि लगेच नंतरच्या घरगुती फोटोंवर तो सर्रास सापडतो. 'ओर्वो' असेल तर फोटो १९६४ च्या नंतरचा, आणि कागद पूर्व जर्मनीतला, कारण वोल्फेनच्या कारखान्यानं ते नाव त्या वर्षी घेतलं. आजीचा मावसभाऊ पूर्वेकडे राहिला होता हे या एका शिक्क्यावरून कळलं. पत्रांत त्याचा गाव कुठेच नव्हता. स्टुडिओनं पहिल्या फेरीत फक्त पुढच्या बाजू घेतल्या होत्या. मागची बाजू सांगून करून घ्यावी लागली. क्रमांक टाकताना मात्र त्यांनी मऊ शिसपेन्सिल वापरली, बॉलपेन नाही. हे फार मोलाचं, कारण बॉलपेनचा दाब पुढच्या चेहऱ्यावर उमटतो.

सत्तर-ऐंशीच्या दशकातला चिकट पानांचा अल्बम असेल तर तो तसाच न्या, घरी फोटो सोडवू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्या पानांवरचा डिंक वितळतो आणि पुन्हा घट्ट होतो. असे मे महिने चाळीस झाले की फोटो आणि पान एकच होऊन जातं. स्टुडिओतला मुलगा दात साफ करायचा मेणाचा दोरा फोटोखालून करवतीसारखा फिरवतो. जिथे दोरा अडकतो तिथे थांबतो आणि फोटो पानासकट स्कॅन करतो. हेच योग्य. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटोही काचेसकटच घ्यावा. सोडवला तर चेहरा काचेवर राहतो.

एक गोष्ट ठामपणे नाकारा : 'फोटो नवा करून देतो' ही जोडसेवा. संगणक डोळे, ओठ, केसांची रेघ आपल्या अंदाजानं भरतो. १९४५ च्या हिवाळ्यातल्या, घर सोडून निघालेल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलीचा चेहरा त्यानं गुबगुबीत आणि हसरा केला होता. त्या चेहऱ्यावरची भूक हाच तर त्या फोटोचा मजकूर आहे. ओरखडे राहू द्या. डाग काढायचेच असतील तर फक्त पार्श्वभूमीतले, आणि मूळ फाईल वेगळी ठेवून. लॅमिनेशनलाही नाही म्हणा; ते परत निघत नाही.

पत्रांचे कागद हवाई टपालाचे, कांद्याच्या पापुद्र्यासारखे. एका बाजूची शाई दुसरीकडे दिसते. मागे काळा कागद ठेवून स्कॅन केलं तर पलीकडचं अक्षर मावळतं. ही युक्ती स्टुडिओला ठाऊक होती. घड्या घालवायला मात्र इस्त्री फिरवतात. तसं करू देऊ नका. दोन कोऱ्या कागदांमध्ये पत्र ठेवून वर जाड ठोकळा ठेवला की दोन-तीन दिवसांत पुरेसं सपाट होतं. आपल्याकडच्या सवयीप्रमाणे पत्रांना टाचण्या लावलेल्या असतील तर गंजलेली टाचणी ओढू नये, आधी दोन्ही बाजूंनी हलकेच सैल करावी.

आता वाचन. इथे सेवा सपशेल पडते, आणि का पडते हे समजून घेतलं तर पुढे कुणाकडे जायचं तेही कळतं.

आजीचा जन्म १९३२ चा, ब्रेसलाऊचा. तिची आई १९१२ च्या सुमारास शाळेत गेली, म्हणजे ती 'कुरेंट' ही जुनी, टोकदार, तिरकी लिपी शिकली. प्रशियाच्या शाळांत १९१५ पासून 'सुटरलिन' हे तिचंच सोपं, उभं वळण आलं. लुडविग सुटरलिन यांनी ते १९११ मध्ये तयार केलं होतं. आजी १९३८ ला शाळेत गेली तेव्हा तिनंही तशाच जर्मन वळणानं गिरवायला सुरुवात केली. १९४१ मध्ये नाझी सरकारनं ही वळणं शाळेतून काढून सर्वांना लॅटिन अक्षर लावलं. म्हणून एकाच ट्रंकेत दोन लिप्या निघतात : आजीचं अक्षर आज कुणालाही वाचता येतं, तिच्या आईचं आजच्या बऱ्याचशा जर्मन माणसांनाही येत नाही. मोडी वाचता न येणाऱ्या मराठी माणसाची जी अवस्था, तीच.

कुरेंटमध्ये 'ई' हे अक्षर हुबेहूब 'एन' सारखं दिसतं. 'यू' ओळखायचा तो फक्त डोक्यावरच्या छोट्या कमानीवरून, नाहीतर तोही 'एन'च. 'एच'ला वर-खाली दोन्हीकडे फास असतो. लांब 'एस' आणि 'एफ' यांत फरक फक्त मधल्या आडव्या रेघेचा. त्यामुळे पत्राचा पहिलाच शब्द 'लीबे', म्हणजे 'प्रिय', न कळणाऱ्याला 'लिन्बन' दिसतो. स्टुडिओच्या टायपिस्टनं तसंच टाइप केलं आणि मग भाषांतराच्या अॅपमध्ये घातलं. अॅप कधीच 'कळलं नाही' म्हणत नाही. ते काहीतरी गुळगुळीत वाक्य देतं. सासरी पोचल्याची चौकशी करणाऱ्या पत्रातून अशी तीन पानं आली ज्यांतलं एकही वाक्य मूळ पत्रात नव्हतं. ग्रंथात हे छापलं गेलं तर पुढची पिढी तेच पणजीचं म्हणणं समजेल.

दुसरा सापळा आकड्यांचा. जर्मन हाताचा '१' लांब चढत्या रेघेनं सुरू होतो आणि आपल्याला तो इंग्रजी सातासारखा वाटतो. त्यांच्या साताला मधोमध आडवी रेघ असते. १४.१.६१ हे पत्र स्टुडिओनं जुलैच्या गठ्ठ्यात लावलं होतं, आणि त्यात नव्या वर्षाच्या शुभेच्छा! तारीख दिवस-महिना-वर्ष अशीच असते, म्हणजे आपल्यासारखी. गोंधळ फक्त या एका आकड्याचा. तो सुधारला की निम्मा क्रम आपोआप लागतो.

उरलेला निम्मा पत्त्यांवरून लागतो, आणि हे काम खानदेशातल्या माणसाइतकं चांगलं कुणी करू शकत नाही. पाकिटावर 'अमळनेर, पूर्व खानदेश, मुंबई राज्य' असेल तर ते बहुधा १९६० च्या आधीचं : १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि त्याच वर्षी पूर्व खानदेशाचा जळगाव जिल्हा झाला. पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. जर्मन बाजूला गावाच्या नावाआधी कंसात दोन आकडे आणि पुढे कधी एखादं लहान अक्षर असेल तर १९६२ च्या आधीचं. 'आखेन' या गावाच्या नावाआधी ५१ किंवा ५१०० असेल तर त्यानंतरचं. पाच आकडे दिसले की १ जुलै १९९३ नंतरचं. फक्त लक्षात ठेवा, पाठवणारी म्हातारी बाई जुनाच पत्ता वर्षानुवर्षं लिहीत राहते. 'पूर्व खानदेश' लिहिलंय म्हणून पत्र जुनंच असं नाही, पण पिनकोड लिहिलाय म्हणजे ते नवं हे नक्की. टपालाचा शिक्का वाचता आला तर सगळ्यात उत्तम. तो तिरक्या उजेडात मोबाइलनं टिपा.

मग वाचन करायचं कुठे? इन्सब्रुकच्या सहकारी संस्थेचं 'ट्रान्सक्रिबस' हे हस्ताक्षर वाचणारं साधन यासाठीच आहे. त्यात पानाचा स्कॅन चढवायचा, जर्मन कुरेंटवर शिकवलेलं मॉडेल निवडायचं, आणि ते ओळीसमोर ओळ मजकूर देतं. ३०० ते ४०० डीपीआयचा स्कॅन लागतो. ओळी वाकड्या असतील किंवा समासात आडवं लिहिलं असेल तर आधी ओळींची आखणी हातानं दुरुस्त करावी, नाहीतर दोन ओळी एकमेकींत मिसळतात. त्यातून आलेला मजकूरही शेवटचा नव्हे. तो जर्मन जाणणाऱ्या माणसाकडून मूळ पानाशी ताडून घ्यावा लागतो, आणि असा माणूस आपल्याला पुण्यात भेटतो. तिथे मॅक्सम्यूलर भवन आणि विद्यापीठामुळे जर्मन शिकलेल्यांची परंपरा आहे. विचारताना 'जर्मन येतं का' असं न विचारता 'कुरेंट वाचता का' असं विचारा. न लागलेला शब्द चौकोनी कंसात टिंबं देऊन मोकळा सोडायला सांगा.

कागदपत्रांतली एक-दोन अक्षरं अशीच उलगडून ठेवावी लागतात. नावापुढे 'गेब.' आलं तर ते 'गेबोरेने', म्हणजे माहेरचं आडनाव. स्टुडिओनं ते मधलं नाव समजून वंशावळीत 'गेब' अशी एक बाईच उभी केली होती. तारखेआधी छोटा तारा म्हणजे जन्म, क्रूस म्हणजे मृत्यू, दोन जोडलेली वर्तुळं म्हणजे लग्न. रस्त्याच्या नावात इंग्रजी 'बी'सारखं दिसणारं अक्षर म्हणजे जोड 'एस'.

आणि ब्रेसलाऊ. हे गाव आज नकाशावर त्या नावानं नाही. १९४५ नंतर ते पोलंडमध्ये गेलं आणि व्रोत्सवाफ झालं. स्टुडिओनं 'जन्म : ब्रेसलाऊ, जर्मनी' एवढंच लिहिलं होतं. ग्रंथात दोन्ही नावं हवीत, कारण उद्या नातवंडांपैकी कुणी शोधायला निघालं तर पत्रव्यवहार पोलंडच्या नोंदणी कार्यालयाशी करावा लागेल किंवा बर्लिनच्या 'श्टांडेसआम्ट क्रमांक एक' शी, जिथे पूर्वेकडच्या गमावलेल्या प्रदेशांची वाचलेली नोंदणीपुस्तकं ठेवली आहेत. जर्मनीत जन्मनोंद ११० वर्षं, लग्नाची ८० आणि मृत्यूची ३० वर्षं बंद असते. त्याआधी थेट वंशजाला प्रत मिळते, पण नातं सिद्ध करणारे दाखले सलग लावावे लागतात. आजीपासून आपल्यापर्यंतची साखळी एकाही कडीला तुटता कामा नये. आपल्याकडे लग्नानंतर बदललेलं नाव हीच ती कडी, म्हणून विवाहनोंदणीचा दाखला आधी शोधा.

ट्रंकेत एक मळकं, घडीचं कार्ड होतं. स्टुडिओनं ते 'इतर' मध्ये टाकलं होतं. ते होतं 'फेरट्रीबेनेन-आउसवाइस', वर्ग 'ए' : १९५३ च्या कायद्यानुसार पूर्वेकडून हाकललेल्या जर्मनांना पश्चिम जर्मनीनं दिलेलं ओळखपत्र. आजी अमळनेरला आली ती पहिल्यांदा घर सोडून नव्हे. घर तिचं जानेवारी १९४५ मध्येच सुटलं होतं. तिच्या आयुष्याचा हा कणा, आणि तो पहिल्या प्रकरणात पूर्ण पानभर छापायला हवा. पासपोर्टवरचे शिक्केही तसेच : इटलीतल्या जेनोवा बंदरातून मुंबईपर्यंतचा प्रवास तेव्हा लॉईड ट्रिएस्टिनोच्या 'एशिया' आणि 'व्हिक्टोरिया' या बोटींनी होत असे, सुएझमार्गे. कोणती बोट हे तारखेवरून ठरवू नका, तिकीट किंवा सामानाची चिठ्ठी मिळाली तरच नाव लिहा.

कॅसेटचं काम नीट होतं. दर कॅसेटला २५० रुपये. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची, आणि ती खऱ्या वेगानंच वाजवावी लागते. कुणी दहा मिनिटांत करून देतो म्हणाला तर देऊ नका. आवाज दबका येत असेल तर बहुतेकदा आतली फेल्टची गादी गळालेली असते. स्क्रूनं उघडणारी नवी कॅसेटची डबी आणून फीत तिच्यात भरली की आवाज उघडतो, आणि हे स्टुडिओत करतात. वेव्ह फाईल मागा, तासाला साधारण ६०० एमबी. 'आवाज साफ करून' दिलेली फाईल वेगळी घ्या आणि न साफ केलेलीही घ्या, कारण सफाईत मागचा स्टोव्ह, अंगणातली गाय, कुणीतरी मारलेली हाक असं सगळं पुसलं जातं.

या कॅसेटमध्ये आजी अहिराणी बोलते. जर्मन घशातून आलेली अहिराणी, 'र' मागून उच्चारलेला, आणि वाक्याच्या शेवटी ठाम 'शे'. टायपिस्टनं सगळीकडे 'शे'चं 'आहे' केलं, 'आठे'चं 'इथे' केलं. त्याचा हेतू चांगला होता, पण प्रमाण मराठी ती बाई कधी शिकलीच नव्हती. सासूच्या तोंडून जी भाषा कानावर पडली ती तिची. उतरवून घेताना बोललेलं तसंच ठेवावं. टीप हवी तर खाली द्यावी. जर्मन नावं देवनागरीत आणताना उच्चार ऐकून लिहा, स्पेलिंग बघून नाही : त्यांचा 'डब्ल्यू' म्हणजे 'व', 'व्ही' बहुधा 'फ', 'जे' म्हणजे 'य', 'झेड' म्हणजे 'त्स'. पहिल्या प्रतीत एकाच काकूचं नाव तीन तऱ्हांनी छापलं गेलं होतं.

बांधणीबद्दल. त्यांच्याकडे गरम डिंकाची पाठ आणि शिलाईची पाठ असे दोन प्रकार आहेत. आपल्या हवेत शिलाईच घ्या. मे महिन्यात बंद गाडीत किंवा पत्र्याच्या खोलीत गरम डिंक मऊ पडतो, थंडीत ठिसूळ होतो आणि चार-पाच वर्षांत पानं सुटतात. सोळा-सोळा पानांचे दहा फर्मे, १६० पानं, १०० जीएसएमचा किंचित पिवळसर कागद, फोटोंना १३० चा मॅट. अशी एक प्रत १,४०० रुपयांना पडली. दहापेक्षा कमी प्रती करत नाहीत. मुदत सहा आठवडे सांगतात, नऊ लागले. तपासणीच्या दोन फेऱ्या किमतीत धरलेल्या आहेत, तिसरीचे पैसे पडतात. या कामात तिसरी लागतेच, तेव्हा आधी बोलून घ्या.

शेवटी पाककृतींची वही, आणि इथे संयमानं बसावं लागतं. जुन्या पानांवर 'फुंड' हे माप आहे, म्हणजे ५०० ग्रॅम. 'ईएल' म्हणजे मोठा चमचा, 'टीएल' म्हणजे लहान. बेकिंग पावडरचं एक 'पेकशेन' म्हणजे साधारण १५-१६ ग्रॅम, अर्धा किलो पिठासाठी. व्हॅनिला साखरेचं ८ ग्रॅम. स्टुडिओच्या भाषांतरात 'क्युमेल'चं 'जिरे' झालं. ते चूक : क्युमेल म्हणजे कॅरावे, आपल्या शहाजिऱ्याच्या जवळचं, साध्या जिऱ्याला जर्मनमध्ये 'क्रॉयत्सक्युमेल' म्हणतात. आंबवलेल्या कोबीत जिरं घातलं तर पदार्थ दुसराच होतो. त्या कोबीला किलोमागे २० ग्रॅम मीठ आणि १८ ते २२ अंशांची हवा लागते. अमळनेरला ती पौष-माघात मिळते. उन्हाळ्यात कोबी मऊ पडून वास मारतो, आणि वहीत त्या पदार्थापुढे फक्त 'जानुआर' लिहिलेलं आहे.

स्कॅन करताना या वहीच्या पानांचे समास आपोआप कापले गेले होते. पुन्हा करून घेतले, पूर्ण पान, कडांसकट. चीजकेकच्या पानावर यादीत 'क्वार्क ५०० ग्रॅम' आहे; क्वार्क म्हणजे मऊ, ताजं जर्मन चीज. शाईनं ती ओळ खोडलेली आणि समासात, लॅटिन अक्षरांत, बारीक वळणानं लिहिलंय : 'चक्का'. त्याखाली वेगळ्या पेननं, बहुधा बऱ्याच वर्षांनी, 'म्हशीचा नको'. हे पान ग्रंथात रंगीत छापा, जेवढ्या मापाचं आहे तेवढंच.